क्रॉइवाखन: डच शेतकऱ्याच्या ढकलगाडीत दडलेलं जुनं क्रियापद

नेदरलँड्समधल्या शेतघरांत गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली एक गाडी हमखास दिसते. पुढे एकच चाक, मध्ये माल ठेवायची पेटी, मागे हातात धरायचे दोन दांडे आणि गाडी टेकवायला दोन ठेंगणे पाय. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर न्यायचं, शेतातून बटाटे आणायचे, गवत हलवायचं, सगळं हिच्यावरून. आपल्याकडे बांधकामावर आणि रोपवाटिकांमध्ये हीच गाडी दिसते. तिला कुणी एकचाकी म्हणतं, कुणी ट्रॉली, कुणी ढकलगाडी. डच माणूस तिला ‘क्रॉइवाखन’ म्हणतो.

हा उच्चार देवनागरीत जेमतेमच बसतो. ‘क्रॉइ’मधला स्वर मराठीत नाही. ओठांचा चंबू करून ‘अ’पासून ‘ई’कडे घसरत गेलं की तो साधारण जमतो. ‘वाखन’मधला ‘ख’ घशात घासत येतो, आणि शेवटचा ‘न’ बोलताना बऱ्याचदा गळूनच जातो. तूर्त ‘क्रॉइवाखन’ एवढ्यावर भागवू.

शब्द सरळसरळ जोडशब्द आहे: ‘क्रॉइ’ अधिक ‘वाखन’. ‘वाखन’ म्हणजे गाडी, हे डच भाषेचा पहिला धडा गिरवणाराही सांगेल. खरं काम आहे ते ‘क्रॉइ’पाशी. हा तुकडा आला कुठून, आणि तो तिथूनच आला हे कशावरून म्हणायचं? शब्दांच्या उगमाबद्दल ऐकीव गोष्टी पुष्कळ फिरतात आणि त्यातल्या बऱ्याचशा कानाला गोड लागतात म्हणूनच टिकतात. या शब्दाच्या बाबतीत मात्र पुरावा इतका स्वच्छ आहे की व्युत्पत्तिशास्त्राचं काम कसं चालतं, ते या एका गाडीवरून समजून घेता येतं.

आधी डच जोडशब्दांची रीत पाहू, कारण ती आपल्या ओळखीची आहे. डचमध्ये दोन शब्द जोडले की दुसरा शब्द धनी असतो आणि पहिला त्याचं वर्णन करतो. जोर पहिल्यावर पडतो, पण लिंग दुसऱ्याचं लागतं. ‘होइ’ म्हणजे वाळलेलं गवत, ते नपुंसकलिंगी. ‘फोर्क’ म्हणजे काटा, तो नपुंसकलिंगी नाही. दोन्ही मिळून होतो ‘होइफोर्क’, म्हणजे गवत उचलायचा दातेरी काटा, आणि त्याला उपपद लागतं ते ‘फोर्क’चं. मराठीत ‘हात’ पुल्लिंगी, ‘गाडी’ स्त्रीलिंगी आणि ‘हातगाडी’ स्त्रीलिंगी. ‘देव’ पुल्लिंगी, ‘घर’ नपुंसकलिंगी आणि ‘देवघर’ नपुंसकलिंगी. संस्कृतातल्या तत्पुरुष समासासाठी पाणिनीने हाच नियम ‘परवल्लिङ्गं द्वन्द्वतत्पुरुषयोः’ या सूत्रात सांगून ठेवला आहे: लिंग पुढच्या पदासारखं.

डचमध्ये आणखी एक प्रकार फार चालतो. पहिलं पद नाम नसून क्रियापदाचं नुसतं मूळ असतं. ‘स्लाइपन’ म्हणजे धार लावणं, ‘स्तेन’ म्हणजे दगड, म्हणून ‘स्लाइपस्तेन’ हा धारेचा दगड. ‘दोर्सन’ म्हणजे मळणी करणं, त्यावरून ‘दोर्सफ्लेखल’, म्हणजे कणसं झोडपायचा जोडदांडा. (त्यातला ‘फ्लेखल’ लॅटिनमधल्या चाबकाच्या शब्दावरून आला आहे.) मराठीत असे समास कमी आहेत, पण आहेत. ‘पळवाट’ पाहा: पळ अधिक वाट. ‘ढकलगाडी’ पाहा: ढकल अधिक गाडी. आणि ‘क्रॉइवाखन’ची घडण अगदी ‘ढकलगाडी’सारखी आहे. ‘क्रॉइअन’ म्हणजे ढकलणं, रेटणं. त्याचं मूळ ‘क्रॉइ’, आणि पुढे गाडी.

उत्तर हातात आलं, पण ते सिद्ध व्हायचं आहे. सोपा अर्धा भाग आधी संपवू.

‘वाखन’चं कुळ आपल्या घरचं आहे. जर्मन ‘वागन’ त्याचाच भाऊ. या शब्दांमागे इंडो-युरोपीय कुटुंबातला नेण्या-वाहण्याचा एक अतिप्राचीन धातू आहे, आणि तोच संस्कृतात ‘वह्’ म्हणून दिसतो. ‘वहति’, ‘वाहन’, ‘प्रवाह’, इतकंच काय ‘विवाह’सुद्धा त्याच धातूचे. मराठीत आपण ओझं ‘वाहतो’ तेव्हा तोच धातू वापरत असतो. संस्कृतात ‘ह’ आणि डचमध्ये ‘ख’सारखा ध्वनी हे कसं, अशी शंका येईल. मूळ भाषेत तिथे एक महाप्राण, ‘घ’च्या जवळचा ध्वनी होता. संस्कृतात त्याचा ‘ह’ झाला, जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन-डच-इंग्रजीच्या कुळात, ‘ग’ झाला, आणि डच लोकांनी तो ‘ग’ घशात घासायला सुरुवात केली. हे एकाच शब्दात घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण संस्कृतात ‘हंस’ आणि डचमध्ये ‘खान्स’, ही जोडीही तशीच आहे. डच ‘खान्स’ हा पाळीव बदक-हंसाच्या जातीतला, शेतघराच्या आवारात फिरणारा पक्षी. जिथे संस्कृतात ‘ह’, तिथे डचमध्ये ‘ख’, असं पुन्हापुन्हा घडतं तेव्हाच भाषाशास्त्रज्ञ नातं मान्य करतात. डच ‘वील’, म्हणजे चाक, आणि संस्कृत ‘चक्र’ हेही एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, जरी ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही. व्युत्पत्तीत कानावर विसंबू नये म्हणतात ते यासाठी: सारखे ऐकू येणारे शब्द परके निघतात आणि अजिबात सारखे न वाटणारे सख्खे निघतात.

जाता जाता, इंग्रजीतला ‘वॅगन’ इंग्रजांनी डचांकडूनच उचलला, सोळाव्या शतकाच्या आसपास. त्यांचा स्वतःचा जुना शब्द ‘वेन’ होता. तोही याच मुळाचा, पण मधला ‘ग’ झिजून गेलेला.

आता ‘क्रॉइ’.

डच येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो ‘क्रॉइत’ हा शब्द, म्हणजे वनस्पती, मसाल्याची पानं. लिहिताना त्याच्या शेवटी ‘द’ असतो, उच्चारात मात्र शब्दाच्या शेवटी ‘द’चा ‘त’ होतो. शेतातली गाडी, तिच्यावर पाला वाहायचा, म्हणून ‘पाल्याची गाडी’, अशी गोष्ट रचायला फार वेळ लागत नाही. पण ती टिकत नाही. ‘क्रॉइत’पासून झालेल्या जोडशब्दात तो शेवटचा ‘त’ शाबूत राहतो. लवंगेला डचमध्ये ‘क्रॉइतनाखल’ म्हणतात, शब्दशः मसाल्याचा खिळा. लवंगांचा तर डचांनी सतराव्या शतकात आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्कास बेटांवरून केवढा व्यापार केला, शब्द कायम तोंडात, तरी तिथला ‘त’ झिजला नाही. मग गाडीतलाच का झिजावा?

खरा धागा मध्ययुगीन डच भाषेत सापडतो. तिथे ‘क्रूदन’ असं एक क्रियापद होतं: ढकलणं, दाबणं, रेटत पुढे नेणं. गाडीचं जुनं नाव ‘क्रूदेवाखन’ किंवा ‘क्रोदेवाखन’. तिथून आजच्या ‘क्रॉइवाखन’पर्यंत यायला दोन बदल लागतात, आणि दोन्ही बदल या शब्दासाठी खास रचलेले नाहीत. सगळ्या भाषेभर झालेले आहेत.

पहिला बदल स्वराचा. मध्ययुगीन डचमधला लांब ‘ऊ’ पुढे फुटला आणि त्याचा ‘ऑइ’ झाला. घराला ‘हूस’ म्हणत, त्याचं ‘हॉइस’ झालं. उंदराला ‘मूस’ म्हणत, त्याचं ‘मॉइस’ झालं (आणि हो, हा आपल्या ‘मूषका’चाच नातेवाईक). ‘बाहेर’ या अर्थाचा ‘ऊत’ होता, त्याचं ‘ऑइत’ झालं. इंग्रजीतही जुना लांब ‘ऊ’ फुटला, फक्त वेगळ्या दिशेने, ‘आउ’कडे. म्हणून आज डच ‘हॉइस’च्या समोर इंग्रजी ‘हाउस’, ‘मॉइस’च्या समोर ‘माउस’, ‘ऑइत’च्या समोर ‘आउट’ उभे दिसतात.

आता या रांगेत ‘क्रॉइ’ ठेवून पाहा. त्याच्यासमोर इंग्रजीत काय यायला हवं? ‘क्राउ’ आणि पुढे एक ‘ड’. म्हणजे ‘क्राउड’! आणि तसंच आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्रूदन’ म्हणजे दाबणं, रेटणं. त्यावरून आजचं ‘क्राउड’, गर्दी, रेटारेटी करणारा जमाव. गर्दीचा अर्थ नंतरचा, ढकलण्याचा आधीचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफक भागातल्या जुन्या बोलीत तर ‘क्राउड’ म्हणजे साधं ढकलणं असाच अर्थ टिकून राहिला होता, आणि तिथे या एकचाकी गाडीला चक्क ‘क्राउड-बॅरो’ म्हणत. समुद्राच्या एका काठाला नेदरलँड्स, दुसऱ्या काठाला नॉरफक. दोन्हीकडे तीच गाडी आणि नावात तेच क्रियापद. मला या सगळ्या प्रकरणातला हा पुरावा सर्वांत देखणा वाटतो, कारण इथे ध्वनीचा नियम, शब्दाचा अर्थ आणि प्रत्यक्ष वस्तू ही तिन्ही एका जागी येऊन मिळतात.

दुसरा बदल ‘द’चा. ‘क्रूदन’मधला ‘द’ गेला कुठे? दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘द’ डच भाषा गाळून टाकते, ही तिची जुनी सवय. चामड्याला ‘लेदर’, त्याचं ‘लेर’ झालं. हवामानाला ‘वेदर’, त्याचं ‘वेर’. भावाला ‘ब्रूदर’, त्याचं ‘ब्रूर’. कुरणाला ‘वाइदे’, त्याचं ‘वाइ’. गंमत अशी की यातली काही जुनी रूपं मेली नाहीत. भारदस्त लिखाणात किंवा वेगळ्या अर्थाने ती अजून चालतात. सख्खा भाऊ ‘ब्रूर’ असतो, पण मठातला धर्मबंधू ‘ब्रूदर’. जुनं आणि नवं रूप शेजारी शेजारी नांदताना दिसलं की बदल कसा झाला हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

मराठी वाचकाला हे नवल वाटू नये, कारण आपली भाषासुद्धा याच वाटेने आली आहे. संस्कृतात ‘बदर’, प्राकृतातून येता येता मधला ‘द’ गळाला आणि आपल्या हातात ‘बोर’ पडलं. ‘कदली’तला ‘द’ गळाला आणि ‘केळ’ झाली. ‘पाद’चा ‘पाय’ झाला, ‘खादति’वरून ‘खाणे’ आलं. दोन स्वरांत अडकलेलं व्यंजन जिभेला जड जातं, मऊ होतं, आणि काही पिढ्यांत नाहीसं होतं. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांनी हे आपापलं केलं, एकीने दुसरीचं पाहून नाही.

लवंगेतला ‘त’ का टिकला, तेही आता उलगडतं. ‘क्रॉइत’मधला ‘द’ शब्दाच्या अखेरीला आहे, दोन स्वरांच्या मध्ये नाही. म्हणून तो वाचला. ‘क्रूदेवाखन’मध्ये मात्र ‘द’च्या आधी ‘ऊ’ आणि नंतर ‘ए’, म्हणजे बरोबर कात्रीत. तो गेला.

तरीही एखादा हट्टी वाचक विचारेल, की तो ‘द’ तिथे होताच हे कशावरून? जुनी हस्तलिखितं आहेत हे खरं, पण त्याहून जिवंत पुरावा बोलींमध्ये आहे. उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतात फ्रिसियन ही स्वतंत्र भाषा बोलतात. तिच्यात या गाडीला ‘क्रोआदे’ म्हणतात. ‘गाडी’ हा शब्द जोडलेलाच नाही, नुसतं ‘ढकलणी’ म्हणावं तसं, आणि ‘द’ जागच्या जागी. दुसरं टोक दक्षिणेला, बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्समध्ये. तिथे जुन्या माणसांच्या तोंडी ‘कोर्देवाखन’ आणि ‘कोर्तेवाखन’ अशी रूपं आढळतात. प्रमाण डचमध्ये गळालेला ध्वनी या सगळ्या प्रदेशाच्या दोन टोकांना टिकून राहावा, हे भाषांच्या इतिहासात वारंवार दिसतं. मध्यभागी फॅशन बदलते आणि कडेला जुनं तसंच राहतं.

‘कोर्देवाखन’मध्ये ‘र’ने जागा बदलली आहे: ‘क्रो’चं ‘कोर’ झालं. याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतो तो हाच. ‘महाराष्ट्र’ या शब्दाचं प्राकृतात ‘मरहट्ठ’ झालं, त्यात ‘ह’ आणि ‘र’ यांनी अशीच अदलाबदल केली, आणि त्यातून पुढे ‘मराठा’, ‘मराठी’ हे शब्द आले. तेव्हा हा बदल आपल्या नावातच आहे.

‘कोर्तेवाखन’ची कथा मात्र वेगळ्या प्रकारची आहे. ‘कोर्त’ म्हणजे आखूड. एकदा का ‘क्रूदन’ हे क्रियापद तिथल्या लोकांच्या विस्मरणात गेलं आणि ‘कोर्दे’ला काही अर्थ उरला नाही, तेव्हा बोलणाऱ्यांनी त्याला जवळचा अर्थ चिकटवला: ही आखूड गाडी, म्हणून ‘कोर्ते’. गाडी खरोखरच आखूड असते, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोकांना निरर्थक शब्द तोंडात धरवत नाही. ते त्यात अर्थ भरतात आणि त्या अर्थाला जुळावं म्हणून शब्दच बदलतात. नुसत्या ‘कोर्तेवाखन’वरून कुणी उगम शोधायला निघालं असतं तर ‘आखूड गाडी’ हे उत्तर घेऊन समाधानाने परतलं असतं. फ्रिसलंडपासून फ्लँडर्सपर्यंतची सगळी रूपं एकत्र मांडली तरच खरं दिसतं. डच भाषेचा महाकोश करणाऱ्यांनी हेच केलं. त्याचा पहिला भाग १८६४ साली निघाला आणि शेवटचा १९९८ साली. पिढ्यानपिढ्या माणसं जुन्या मजकुरातली वाक्यं टिपत बसली, तेव्हा कुठे एका गाडीच्या नावाबद्दल असं ठामपणे बोलता येतं. या कामाबद्दल मला अपार आदर आहे. मराठीतल्या शेतीच्या अवजारांची नावं जिल्ह्याजिल्ह्याला बदलतात, आणि ट्रॅक्टर आल्यापासून त्यातली कितीतरी वापरातून चालली आहेत. ती सगळी रूपं, बोलणाऱ्याच्या गावासकट, अशीच टिपली जायला हवीत, आणि तीही आताच.

शब्दावरून आता वस्तूकडे येऊ, कारण नाव असं का पडलं हे वस्तू पाहिल्याशिवाय कळत नाही.

एकचाकी गाडी चीनमध्ये फार आधी होती. हान राजवटीच्या उत्तरकाळातल्या, इसवीसनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारच्या थडग्यांवरच्या चित्रांत ती दिसते. चिनी परंपरा तिचं श्रेय तिसऱ्या शतकातला सेनापती झुगे लिआंग याच्या ‘लाकडी बैला’लाही देते. पुढे चीनमध्ये रूढ झालेल्या गाडीत मोठं चाक मधोमध असे, त्यामुळे जवळजवळ सगळं वजन चाकावर पडे. युरोपात मध्ययुगात, साधारण तेराव्या शतकापासून, जी गाडी चित्रांत आणि हिशेबाच्या कागदांत दिसू लागते तिचं चाक पुढच्या टोकाला आहे. तिची कल्पना समजायला आधी ‘बेरी’ पाहावी लागते. बेरी म्हणजे दोन लांब दांड्यांवर ठोकलेल्या फळ्या, पुढे एक माणूस आणि मागे एक, दोघांनी उचलून न्यायची. त्यातला पुढचा माणूस काढून त्याच्या जागी चाक बसवलं की झाली एकचाकी गाडी. एका माणसाची मजुरी वाचली. शाळेत शिकलेली तरफ इथे सरळ दिसते: टेकू चाकावर, वजन मध्ये, जोर मागच्या टोकाला. त्यामुळे दांडे लांब असतील तितकं ओझं हलकं लागतं.

आता वेगवेगळ्या लोकांनी तिला नाव देताना काय पाहिलं बघा. इंग्रजांनी आधीची बेरी लक्षात ठेवली. त्यांच्या ‘बॅरो’चं मूळ उचलून नेण्याच्या क्रियापदात आहे, आणि ते क्रियापद संस्कृत ‘भृ’, आपला ‘भार’, यांच्या कुळातलं. त्याला त्यांनी चाक जोडून ‘व्हीलबॅरो’ केलं. डच ‘बेरी’ही त्याच कुळातली. फ्रेंचांचा ‘ब्रुएत’ लॅटिनमधल्या दोनचाकीच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे आज गाडीला एक चाक असलं तरी नाव दोन चाकांचं. जर्मनांनी ‘शूबकारे’ म्हटलं, ढकलायची गाडी, डचांसारखंच, पण ढकलण्यासाठी त्यांनी दुसरं क्रियापद घेतलं. डचांनी मात्र जुनं ‘क्रूदन’ धरून ठेवलं आणि तेही उगाच नाही. ढकलणं हे त्या देशात फार मोठं काम होतं.

नेदरलँड्सचा पश्चिम भाग म्हणजे पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, आणि गाळाची भुसभुशीत, पाण्याने भरलेली जमीन. तिच्यावर बैलगाडी-घोडागाडी रुतते. पण एका चाकाला एकच फळी पुरते. चिखलावर एकापुढे एक फळ्या टाकायच्या आणि त्यांच्यावरून मजुरांनी ओळीने गाड्या ढकलत न्यायच्या. या फळ्यांना नावच ‘क्रॉइप्लांक’. भरलेली गाडी अरुंद, ओल्या फळीवरून न्यायची म्हणजे हात, पाठ आणि नजर तिन्ही एका रेषेत लागतात. चाक बोटभर सरकलं की माल खाली आणि माणूसही. १८१९ ते १८२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमपासून उत्तरेला समुद्रापर्यंत जो कालवा खणला गेला, तो फावडी आणि अशा गाड्यांवरच. १८४० साली हारलेमरमेर या अफाट सरोवराभोवती सुमारे ६० किलोमीटरचा कडेचा कालवा खणायला घेतला तेव्हाही तेच. नंतर वाफेच्या पंपांनी सरोवर उपसलं आणि १८५२ साली ते कोरडं झालं. आज स्किपोल विमानतळ त्या सरोवराच्या तळावर उभा आहे. या खोदकामाच्या फिरत्या मजुरांना ‘पोल्डरयोंगन’ म्हणत, आणि त्यांची हत्यारं दोनच: फावडं आणि क्रॉइवाखन. मंदीच्या काळात, १९३४ पासून, अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला सपाट जमिनीवर एक मोठं जंगल उभारलं गेलं. त्याच्या तळ्यांची आणि टेकडीची मातीही बेरोजगारांनी याच गाड्यांनी वाहिली. यंत्रं मिळत नव्हती म्हणून नव्हे, तर जास्तीत जास्त हातांना काम मिळावं म्हणून.

‘क्रॉइअन’ हे क्रियापद गाडीबाहेरही जगलं आहे. पवनचक्कीचा मालक वारा बदलला की पंख्यांचं तोंड वाऱ्याकडे वळवतो. त्यालाही ‘क्रॉइअन’च म्हणतात. सगळ्यांत जुन्या लाकडी गिरण्यांमध्ये अख्खं घरच एका खांबावर फिरवावं लागे. नंतरच्या गिरण्यांमध्ये फक्त डोक्यावरची टोपी फिरते, म्हणून त्या ‘बोवनक्रॉइअर’, म्हणजे वरून वळणाऱ्या. टोपीपासून मागच्या बाजूला लाकडी शेपूट खाली आलेलं असतं, त्याच्या टोकाला आऱ्यांचं मोठं चाक, आणि जमिनीत चक्कीभोवती गोल रोवलेले खुंट. साखळी एका खुंटाला अडकवायची, आऱ्यांवर पाय देऊन अंगाच्या वजनाने चाक फिरवायचं, साखळी गुंडाळली जाते तशी कित्येक टनांची टोपी कुरकुरत वळते. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या पाहायला गेलेल्यांनी हे शेपूट पाहिलेलं असतं, पण ते कशासाठी हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पवनचक्की आणि पाणचक्की चालवण्याचं कसब युनेस्कोने २०१७ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कडक थंडीत आयसलमेरसारख्या मोठ्या तळ्यांवर बर्फाची कातडी धरते. मग वारा सुटला की ती फुटून तिचे तुकडे एकमेकांवर चढत किनाऱ्याकडे सरकतात आणि बांधाला टेकून माणसापेक्षा उंच ढीग होतात. बर्फ ‘क्रॉइतोय’ असं तेव्हा म्हणतात. इथे ढकलणारा माणूस नाही, वारा आहे. पण ‘क्रूदन’चा सर्वांत जुना अर्थ, रेटारेटी, तो इथे जसाच्या तसा आहे, इंग्रजी ‘क्राउड’च्या अगदी शेजारी. रेल्वे स्टेशनवरच्या हमालालाही ‘क्रॉइअर’ म्हणत. हमाल आता जवळजवळ दिसत नाहीत, शब्द लोकांना माहीत आहे.

डचांबरोबर शब्द समुद्रापारही गेला. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला १६५२ मध्ये डच वसाहत झाली आणि तिथल्या डचमधून पुढे आफ्रिकान्स भाषा घडली. तिथे स्वरांमधली व्यंजनं गळण्याची सवय आणखी पुढे गेली. ‘वाखन’मधला ‘ख’सुद्धा गेला आणि नुसतं ‘वा’ उरलं. त्यामुळे तिकडे ही गाडी ‘क्रॉइवा’ झाली. मूळ ‘क्रूदेवाखन’च्या शेजारी ठेवलं तर केवढा शब्द झिजला हे दिसतं, आणि तरी अर्थाचे दोन्ही खांब उभे आहेत.

खुद्द नेदरलँड्समध्ये शेतीशी संबंध नसलेला माणूसही हा शब्द आज रोज ऐकतो, तो दुसऱ्याच अर्थाने. ‘त्याच्यामागे चांगली क्रॉइवाखन आहे’ म्हणजे त्याचा वशिला आहे. कुणी वजनदार माणूस त्याला नोकरीच्या किंवा पदाच्या दिशेने ढकलतो आहे. ज्याला स्वतःच्या पायांनी जावं लागत नाही, ज्याला बसवून नेलं जातं, त्याची ही गाडी. इथे ढकलणाऱ्यालाच गाडी म्हटलं आहे, हे तर्काला थोडं तिरपं वाटतं, पण बोलीला तेवढी सूट चालते. मराठीत शाळेतल्या वर पाठवलेल्या पोरासाठी ‘ढकलगाडी’ म्हणतात, त्यातही ढकलणारा कुणी दुसराच असतो.

आणि राजकारणात गाडीवर बेडूक आले. बेडकांनी भरलेली क्रॉइवाखन ढकलत न्यायची, एकही बाहेर उडी मारू द्यायचा नाही: तिथे पक्षाचा किंवा आघाडीचा नेता काय करतो हे सांगायला वर्तमानपत्रं हा वाक्प्रचार वापरतात. आपल्याकडे बेडूक तराजूत तोलण्याची गोष्ट सांगतात, तीच अडचण. त्या देशात १९१७ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आली, तेव्हापासून संसदेत एकाही पक्षाला एकट्याने बहुमत मिळालेलं नाही. प्रत्येक सरकार अनेक पक्षांचं, महिनोन्‌महिने वाटाघाटी करून जमवलेलं. त्यामुळे दर निवडणुकीनंतर, मंत्रिमंडळ जुळवताना आणि मोडतानाही, तिथल्या बातम्यांमध्ये हे बेडूक आणि त्यांची गाडी पुन्हा निघते.